समाजकार्यकर्त्यांच्या कार्यस्थळावरील ताणाची कारणे : विठ्ठलवाडी–उल्हासनगर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक मागोवा

बीजसंज्ञा : समाजकार्य, व्यावसायिक ताण, भूमिकासंघर्ष, निर्वासित पुनर्वसन, कामगार कल्याण अधिकारी, मानधन, विठ्ठलवाडी, उल्हासनगर

प्रस्तावना

समाजातील दुर्बल, पीडित व वंचित घटकांना साहाय्य करणारी व्यक्ती म्हणून समाजकार्यकर्त्याकडे पाहिले जाते. दुसऱ्याचे दुःख हलके करणे हे ज्याचे काम, त्याच्या स्वतःच्या मनावरील ओझ्याचा विचार मात्र क्वचितच होतो. शिक्षक, परिचारिका, पोलीस, बँक कर्मचारी यांच्या ताणाविषयी अलीकडच्या काळात पुष्कळ लेखन झाले. समाजकार्यकर्त्यांविषयी जे लेखन होते त्यात ताणाची कारणे बहुधा व्यक्तीच्या ठिकाणी शोधली जातात. कामाचे नियोजन न जमणे, भावनिक गुंतवणूक अधिक असणे, घर आणि नोकरी यांचा मेळ न बसणे ही कारणे पुढे केली जातात आणि उपाय म्हणून योगासने, ध्यानधारणा व एकदिवसीय कार्यशाळा सुचविल्या जातात.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाकडे इतिहासाच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न करण्यात आला आहे. समाजकार्यकर्त्याचे पद कोणत्या गरजेतून निर्माण झाले, ते कोणाच्या अखत्यारीत ठेवले गेले, त्याला कोणते अधिकार दिले आणि कोणती जबाबदारी दिली, याचा मागोवा घेतल्यास आजच्या ताणाची अनेक कारणे त्या पदाच्या जडणघडणीतच दडलेली दिसतात. या मांडणीसाठी कल्याणलगतच्या विठ्ठलवाडी–उल्हासनगर परिसराचा संदर्भ निवडला आहे. निर्वासितांची छावणी, कारखानदारी, शासकीय रुग्णालय, पोलीस ठाणे व महानगरपालिका या समाजकार्याच्या पाचही कार्यक्षेत्रांचा इतिहास या लहानशा पट्ट्यात एकवटलेला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

ताण या संकल्पनेचा विकास थोडक्यात पाहणे, महाराष्ट्रात समाजकार्याचे सेवाव्रताकडून व्यवसायाकडे झालेले संक्रमण तपासणे, आणि त्या संक्रमणातून निर्माण झालेली ताणाची कारणे स्थानिक इतिहासाच्या आधारे स्पष्ट करणे, ही या लेखाची तीन उद्दिष्टे आहेत. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, आयोगांचे अहवाल आणि संस्थांचा ज्ञात इतिहास यांवर मांडणी आधारलेली आहे.

ताण : संकल्पनेचा विकास

१९३६ हे वर्ष या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या वर्षी हान्स सेल्ये यांचे शरीराच्या प्रतिकूल परिस्थितीतील प्रतिक्रियांविषयीचे छोटेसे टिपण ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आधुनिक ताणविचाराचा आरंभ त्या टिपणापासून मानला जातो. त्याच वर्षी मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क या संस्थेची स्थापना होऊन भारतात समाजकार्याच्या पद्धतशीर व्यावसायिक शिक्षणाला प्रारंभ झाला. ताणाचा शास्त्रीय विचार आणि भारतातील समाजकार्याचे शिक्षण ही दोन्ही अशा रीतीने समवयस्क आहेत. परंतु त्यांची परस्परांशी गाठ पडण्यास पुढे अनेक दशके जावी लागली.

१९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने ‘बर्नआउट’ म्हणजे पूर्णतः गळून जाण्याची अवस्था वर्णन केली. ही अवस्था त्यांना प्रथम दिसली ती न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात काम करणाऱ्या स्वयंसेवकांमध्ये, ही बाब विशेष महत्त्वाची आहे. आज सर्व नोकरदारांसाठी सरसकट वापरला जाणारा हा शब्द मुळात सेवाकार्य करणाऱ्यांच्या अनुभवातून जन्मास आला. १९८१ मध्ये ख्रिस्टिना मास्लाक व सुसान जॅक्सन यांनी या अवस्थेच्या मापनासाठी प्रश्नावली तयार केली. भावनिक थकवा, समोरच्या माणसाविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काहीच होत नाही ही भावना, अशी तीन अंगे त्यांनी सांगितली.

१९७९ मध्ये रॉबर्ट कॅरासेक यांनी मांडले की, कामाची मागणी मोठी आणि निर्णयाचे स्वातंत्र्य अल्प, अशा ठिकाणी ताण सर्वाधिक असतो. १९९६ मध्ये योहानेस सीग्रिस्ट यांनी श्रम आणि मोबदला यांतील असंतुलनाकडे लक्ष वेधले. मोबदल्यात त्यांनी पैशाबरोबरच मान व नोकरीची शाश्वती यांचाही समावेश केला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटचा उल्लेख ‘व्यवसायाशी निगडित घटना’ असा केला आहे. त्याला व्यक्तीचा आजार म्हटलेले नाही. ताणाची मुळे कामाच्या रचनेत शोधावीत, या दृष्टीला त्यामुळे बळ मिळते.

व्रताकडून व्यवसायाकडे

महाराष्ट्रात लोकसेवेची परंपरा जुनी व समृद्ध आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम सुरू केला. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशनचे कार्य आरंभिले आणि १९११ मध्ये नारायण मल्हार जोशी यांच्या पुढाकाराने मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन झाली. या सर्व कार्यामागे त्यागाची प्रेरणा होती. भारत सेवक समाजाचे सभासद तर अल्प निर्वाहवेतनावर आयुष्यभर देशसेवा करण्याची शपथ घेत असत. समाजसेवक म्हणजे स्वतःसाठी काही न मागणारा, ही प्रतिमा मराठी मनात दृढ झाली ती या पिढीमुळे.

क्लिफर्ड मॅन्शर्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे कार्यकर्ते १९२० च्या दशकात मुंबईतील नागपाडा वस्तीत नेबरहूड हाउस चालवीत होते. सेवाभावाला प्रशिक्षणाची जोड हवी, या जाणिवेतून त्यांच्या नेतृत्वाखाली १९३६ ची संस्था उभी राहिली. १९४४ मध्ये तिचे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस असे नामकरण झाले. पुढे १९५५ मध्ये मुंबईत निर्मला निकेतन व १९६३ मध्ये पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था सुरू झाली. पदवी, क्षेत्रकार्य, नियुक्तिपत्र आणि वेतनश्रेणी यांसह समाजकार्य हा व्यवसाय झाला.

परंतु हे संक्रमण अपुरे राहिले. व्यवसायाबरोबर जबाबदारी व जाबदेयता आली. समाजाची अपेक्षा मात्र व्रताचीच राहिली. वकिलाने शुल्क घेतले वा डॉक्टरने सुटी घेतली तर त्याच्या निष्ठेविषयी कोणी शंका घेत नाही. समाजकार्यकर्त्याने वेतनवाढ मागितली की त्याच्या सेवाभावाकडे बोट दाखविले जाते. वैद्यक वा वकिली या व्यवसायांना वैधानिक परिषदांचे जे संरक्षण लाभले, तसे समाजकार्याला दीर्घकाळ लाभले नाही. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांविषयीच्या राष्ट्रीय आयोग कायद्यात रुग्णालयीन व मनोवैद्यकीय समाजकार्यकर्त्यांचा समावेश झाला. भारतात या शिक्षणाचा आरंभ होऊन तोवर पंचाऐंशी वर्षे लोटली होती.

कल्याण छावणी ते उल्हासनगर

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची विस्तीर्ण छावणी उभारण्यात आली होती. युद्ध संपल्यावर तेथील बराकी ओस पडल्या. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून समुद्रमार्गे व रेल्वेने आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना या बराकींत आश्रय देण्यात आला. पाच कॅम्पांत विभागलेल्या या वसाहतीचे ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत उल्हासनगर असे नामकरण झाले. विठ्ठलवाडी हे कल्याण–कर्जत मार्गावर कल्याणनंतरचे पहिले स्थानक. त्याच्या एका अंगास कल्याण पूर्व आणि दुसऱ्या अंगास ही वसाहत. आजही या परिसरातील लोक पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर’ सांगतात. लष्करी छावणीची खूण भाषेत अशी टिकून आहे.

फाळणीच्या आपत्तीने भारतातील नवजात समाजकार्य व्यवसायाची पहिली मोठी परीक्षा घेतली. टाटा संस्थेतील विद्यार्थी व अध्यापक कुरुक्षेत्र येथील निर्वासित छावणीत मदतकार्यासाठी गेले होते. छावणीतील कामाचे स्वरूप ध्यानात घेतल्यास ताणाचे एक मूलभूत कारण स्पष्ट होते. मुंबई प्रांतात १९४८ च्या निर्वासितविषयक कायद्याने नोंदणी अनिवार्य केली होती. शिधा, कर्ज, जागा यांचे वाटप या नोंदीवर अवलंबून होते. त्यामुळे मदतीस आलेला कार्यकर्ता निर्वासितांच्या दृष्टीने पहिल्याच दिवशी सरकारचा माणूस ठरत असे. ज्याच्यापुढे मन मोकळे करावे त्याच्याच हाती पात्र-अपात्रतेचा कागद असे. लष्करासाठी बांधलेल्या बराकींत कुटुंबाकुटुंबांमध्ये पडदे लावून आडोसा केलेला. घरदार, व्यापार, जमीन मागे सुटलेली. ‘निर्वासित’ हा शब्दच अनेकांना मानहानीचा वाटणारा. आणि कार्यालयीन कामाची भाषा त्यांच्या मातृभाषेहून वेगळी. अशा स्थितीत नियम सांगणे आणि धीर देणे ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे आली.

अमेरिकेतील समाजकार्यतज्ज्ञ बर्था रेनॉल्ड्स यांनी १९३४ मध्येच हा पेच मांडला होता : कार्यकर्ता उत्तरदायी कोणाला, समोरच्या गरजू व्यक्तीला की त्याला नेमणाऱ्या समाजाला? मायकल लिप्स्की यांनी १९८० मध्ये ‘रस्त्यावरची नोकरशाही’ ही कल्पना मांडताना दाखविले की, साधने अपुरी आणि मागणी अमर्याद असते तेव्हा धोरणातील विसंगतीचा भार खिडकीवर बसलेल्या शेवटच्या कर्मचाऱ्यावर येऊन पडतो. शिधा किती द्यायचा हे दिल्ली वा मुंबईत ठरते. ‘तुमचे नाव यादीत नाही’ हे वाक्य मात्र छावणीतील माणसाला उच्चारावे लागते. पुढे झोपडपट्टी पुनर्वसन, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची यादी, निराधार अनुदान अशा प्रत्येक योजनेत हीच रचना कायम राहिली.

१९५४ च्या विस्थापितांना भरपाई व पुनर्वसन देण्याविषयीच्या कायद्यानंतर पुनर्वसनाचा प्रश्न प्रामुख्याने मालमत्तेचा झाला. दुरावलेल्या नात्यांचा व मानसिक आघाताचा भाग कागदावर आला नाही. सिंधी समाजाने आपल्या उद्यमशीलतेने हे शहर उभे केले हे खरे. त्या यशोगाथेत पहिल्या वर्षांचे दुःख ऐकून घेणाऱ्यांची नोंद मात्र राहिली नाही. नोंद न होणे हेही ताणाचे एक कारण आहे. बांधलेल्या खोल्या मोजता येतात. टळलेली आत्महत्या वा सावरलेले कुटुंब मोजता येत नाही.

कारखाना आणि कामगार कल्याण अधिकारी

या परिसराचा दुसरा चेहरा औद्योगिक आहे. शहाड येथील सेंच्युरी रेयॉन, अंबरनाथ येथील विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना, धरमसी मोरारजी केमिकल कंपनी व आयुध निर्माणी यांनी हजारो कुटुंबांना रोजगार दिला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४९ अन्वये पाचशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. समाजकार्याची पदवी घेतलेल्या अनेक पिढ्यांना पहिली स्थिर नोकरी या कलमामुळे मिळाली.

या पदाच्या रचनेत मात्र एक उघड विसंगती होती. अधिकाऱ्याची नेमणूक, वेतन आणि बढती मालकाकडे. कर्तव्य मात्र कामगारांच्या कल्याणाचे. कामगार त्याला व्यवस्थापनाचा हेर समजत आणि व्यवस्थापन त्याला कामगारांचा कैवारी समजे. संप झाला की त्याने कोणत्या बाजूस उभे राहावे? शिस्तभंगाच्या चौकशीत त्यालाच बसविले तर दुसऱ्या दिवशी तोच कामगार आपली घरगुती अडचण त्याला कशी सांगणार? न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाने १९६९ च्या अहवालात, कल्याण अधिकाऱ्यास व्यवस्थापनाच्या वतीने औद्योगिक कलह हाताळावयास लावू नये, अशी शिफारस केली. आयोगाला असे स्पष्टपणे लिहावे लागले, यावरून प्रत्यक्षात काय चालत होते याचा अंदाज येतो.

मानसशास्त्र ज्याला भूमिकासंघर्ष म्हणते त्याचे याहून नेमके उदाहरण मिळणे कठीण. हा संघर्ष अधिकाऱ्याच्या स्वभावदोषातून उद्भवला नव्हता; तो कायद्याच्या कलमातच होता. १९८० नंतर ‘कार्मिक’ आणि पुढे ‘मानव संसाधन’ ही नावे आली व पदाचा कल अधिकाधिक व्यवस्थापनाकडे झुकला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने कल्याण अधिकारी नेमण्याची मर्यादा अडीचशे कामगारांवर आणली. अशा पदांची संख्या त्यामुळे वाढू शकेल. परंतु नेमणूक करणारा हात तोच राहिल्याने मूळ पेच कायम आहे.

रुग्णालय, पोलीस ठाणे आणि न्यायालय

भारतातील पहिल्या वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात झाली. महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांत हे पद ‘समाजसेवा अधीक्षक’ या नावाने रूढ झाले. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात शहरातील रुग्णांबरोबरच अंबरनाथ, बदलापूर आणि त्यापलीकडील ग्रामीण व आदिवासी भागांतील रुग्ण येतात. अशा रुग्णालयात बेवारस रुग्णाच्या नातेवाइकांचा शोध, औषधांसाठी धर्मादाय मदत, कागदपत्रांची पूर्तता अशी अनेकविध कामे समाजसेवा अधीक्षकाकडे येतात. डॉक्टर व परिचारिका यांच्या कामाची सीमा ठरलेली असते. ‘जे कोणाचेच नाही ते समाजसेवा विभागाचे’ अशी वाटणी झाली की भूमिकेची अस्पष्टता निर्माण होते. रुग्णालयाच्या अधिकारश्रेणीत वैद्यकीय मताला अग्रक्रम असतो. सामाजिक कारणासाठी रुग्णास आणखी दोन दिवस ठेवावे, असे सांगणाऱ्याचा शब्द तेथे हलका ठरतो.

१९८४ मध्ये टाटा संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि प्रशिक्षित समाजकार्यकर्ते पोलीस यंत्रणेच्या आत बसून काम करू लागले. पुढे हा उपक्रम राज्यभर विस्तारला. पीडित स्त्रीला पोलीस ठाण्याच्या आवारातच ऐकून घेणारे कोणी असणे ही फार मोठी गोष्ट होती. त्याच वेळी दुसऱ्याच्या अंगणात बसून काम करण्याचा ताणही होता. वर्दीच्या यंत्रणेत विनावर्दी माणसाचा अधिकार केवळ समजुतीवर चालतो. ठाण्यातील अधिकारी बदलला की ती समजूत नव्याने घडवावी लागते. विठ्ठलवाडीसारख्या दाट वस्तीतील पोलीस ठाण्याच्या संदर्भात याचा अर्थ सहज ध्यानात येईल. २०११ च्या जनगणनेनुसार अवघ्या तेरा चौरस किलोमीटरच्या उल्हासनगरात ५,०६,०९८ लोक राहत होते.

कायद्यांनी कामाची मागणी कशी वाढविली हेही पाहण्याजोगे आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात अर्जाची पहिली सुनावणी सर्वसाधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे म्हटले आहे. याच कायद्याच्या कलम ३३ नुसार कर्तव्यात कसूर करणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद वा वीस हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रारंभीच्या काळात अनेक ठिकाणी हे काम अन्य अधिकाऱ्यांकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून सोपविले गेले होते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार बालकाविषयीचा सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत अपेक्षित आहे. मुदत निश्चित आहे. वाहन, मदतनीस आणि प्रकरणांची कमाल संख्या मात्र निश्चित नाही. कॅरासेक यांनी सांगितलेली मोठ्या मागणीची व अल्प स्वातंत्र्याची स्थिती ती हीच.

प्रकरणांचे स्वरूपही ताणाचे कारण आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका शाळेतील चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले, नागरिक रेल्वेमार्गावर उतरले आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. समाजाचा क्षोभ काही दिवसांनी निवतो. अशा प्रकरणांत बालकाशी व कुटुंबाशी बोलणारे, न्यायालयापर्यंत सोबत करणारे बाल संरक्षण कर्मचारी व आधार व्यक्ती मात्र त्या कथनाबरोबर महिनोन्‌महिने राहतात. दुसऱ्याचा आघात ऐकून स्वतःवर होणाऱ्या या परिणामास ‘करुणेचा थकवा’ असे म्हटले जाते. त्यासाठी सहकाऱ्यांशी व ज्येष्ठांशी नियमित, गोपनीय चर्चा आवश्यक असते. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य करताना विद्यार्थ्यास असे पर्यवेक्षण मिळते. नोकरी लागताच ते थांबते आणि त्याची जागा मासिक अहवाल घेतो.

मानधन आणि कंत्राट

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. अंगणवाडी सेविकेला ‘मानसेवी’ ठरवून वेतनाऐवजी मानधन देण्याचे धोरण स्वीकारले गेले. २००५ नंतर आलेल्या आशा कार्यकर्त्यांनाही कामागणिक मोबदला देण्यात आला. ‘मानधन’ हा शब्द मोठा बोलका आहे. व्रताच्या काळातील मान आणि व्यवसायाच्या काळातील धन यांची त्यात सांगड घातलेली दिसते. प्रत्यक्षात धन अल्प राहिले आणि मान हा धनाच्या बदल्यात दिलेला वायदा ठरला. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील प्रकरणात अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदानास पात्र असल्याचा निर्णय दिला. त्यांच्या श्रमाला ‘नोकरी’ म्हणून अंशतः मान्यता मिळण्यास सत्तेचाळीस वर्षे लागली.

पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या समाजकार्यकर्त्यांची स्थितीही फार वेगळी नाही. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या समुपदेशन केंद्रांत, तसेच पुढे राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान व बाल संरक्षण योजना यांत बहुसंख्य नेमणुका कंत्राटी पद्धतीने झाल्या. एचआयव्हीबाधित व्यक्तीला ‘औषधे नियमित घ्या, पुढच्या दहा वर्षांचा विचार करा’ असे सांगणाऱ्या समुपदेशकाचा स्वतःचा करार अकरा महिन्यांचा किंवा वर्षाचा असतो, ही विसंगती बोलकी आहे. सीग्रिस्ट यांच्या परिभाषेत येथे मोबदल्याची तिन्ही अंगे, पैसा, मान व शाश्वती, एकाच वेळी उणी पडतात.

या क्षेत्रात स्त्रियांचे प्रमाण मोठे असल्याने सुरक्षिततेचा प्रश्नही जोडला जातो. १९९२ मध्ये राजस्थानात बालविवाह रोखण्याचा प्रयत्न करणाऱ्या, शासकीय महिला विकास कार्यक्रमातील एका मानसेवी ‘साथीन’ कार्यकर्तीवर सामूहिक अत्याचार झाला. त्यातून १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वे आणि २०१३ चा कार्यस्थळी लैंगिक छळास प्रतिबंध करणारा कायदा आला. देशातील प्रत्येक नोकरदार स्त्रीला मिळालेल्या या संरक्षणाच्या मुळाशी एका समाजकार्यकर्तीची किंमत आहे. तरीही जिचे ‘कार्यस्थळ’ म्हणजे वस्तीतील गल्ली, चाळीचा जिना आणि परक्याचे घर, तिच्यापर्यंत या कायद्याचे संरक्षण व्यवहारात सहजासहजी पोहोचत नाही.

कारणमीमांसा

वरील विवेचनावरून समाजकार्यकर्त्यांच्या ताणाची पुढील कारणे निष्पन्न होतात.

१) दुहेरी निष्ठा : छावणीतील नोंदणी कर्मचाऱ्यापासून कारखान्यातील कल्याण अधिकाऱ्यापर्यंत, नेमणारा एक आणि ज्याच्यासाठी काम करायचे तो दुसरा, ही रचना कायम राहिली आहे.

२) भूमिकेची अस्पष्टता : कामाची सीमा ठरलेली नसल्याने इतर विभागांनी नाकारलेली कामे समाजकार्यकर्त्याकडे येतात.

३) अधिकाराविना जबाबदारी : कायद्याने मुदत व शिक्षा ठरविली, साधने व निर्णयाधिकार त्या प्रमाणात दिले नाहीत.

४) श्रम व मोबदला यांतील असंतुलन : मानधन व कंत्राट यांमुळे आर्थिक असुरक्षितता कायमची झाली.

५) व्यावसायिक मान्यतेचा अभाव : व्यवसायाला वैधानिक आधार उशिरा व अंशतः मिळाला.

६) पर्यवेक्षणाचा अभाव : आघाताच्या कथनाचा भार वाटून घेणारी व्यवस्था नाही.

७) यशाचे अमोजपण : केलेल्या कामाचा पुरावा दाखविता न आल्याने निष्फळतेची भावना बळावते.

येथे एक आक्षेप संभवतो. एकाच कार्यालयात, एकाच वेतनावर काम करणाऱ्या दोघांपैकी एक खचतो आणि दुसरा उमेदीने काम करतो. तेव्हा स्वभाव व कौशल्य यांचे महत्त्व कसे नाकारता येईल? ते नाकारण्याचे कारणही नाही. वैयक्तिक सामर्थ्याने ताण सोसण्याची शक्ती वाढते. परंतु १९४८ ची छावणी, १९६९ चा श्रम आयोग आणि २००५ चा कायदा अशा भिन्न काळांत व भिन्न माणसांच्या वाट्याला तोच पेच पुनःपुन्हा येतो, तेव्हा त्याचे स्पष्टीकरण स्वभावातून मिळत नाही. माणसे बदलली, पदाची रचना बदलली नाही.

निष्कर्ष

समाजकार्यकर्त्यांचा ताण हा व्रताची अपेक्षा आणि नोकरीची चौकट यांच्या अपुऱ्या जुळणीतून निर्माण झालेला आहे, हे विठ्ठलवाडी–उल्हासनगर परिसराच्या इतिहासावरून दिसून येते. म्हणून उपाययोजनाही रचनेच्या पातळीवर व्हावयास हवी. प्रत्येक पदासाठी कामाची लेखी व्याप्ती, प्रति कार्यकर्ता प्रकरणांची कमाल मर्यादा, क्षेत्रभेटीसाठी वाहन व सोबत, कामाच्या वेळेतच नियमित पर्यवेक्षण आणि दीर्घकालीन स्वरूपाच्या कामासाठी दीर्घकालीन नेमणूक या गोष्टी प्राधान्याने करण्याजोग्या आहेत. कल्याण अधिकाऱ्याच्या नेमणूक व बडतर्फीवर त्रयस्थ यंत्रणेची देखरेख असावी.

महाविद्यालयांचीही यात भूमिका आहे. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना सेवाभावाचे धडे देताना त्यांच्या व्यवसायाचा इतिहासही शिकविला गेला पाहिजे. आपल्याला आलेला थकवा ही आपली व्यक्तिगत कमतरता आहे, असे मानून नोकरी सोडणाऱ्या तरुण कार्यकर्त्याला, हाच पेच आपल्या आधीच्या तीन पिढ्यांपुढे होता हे ठाऊक असेल, तर तो स्वतःला दोष देण्याऐवजी आपल्या पदाच्या अटींविषयी प्रश्न विचारू शकेल. स्थानिक महाविद्यालयांतील इतिहास, समाजशास्त्र व मानसशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन निर्वासित वसाहतीतील ज्येष्ठ नागरिकांच्या आणि निवृत्त समाजकार्यकर्त्यांच्या आठवणी मौखिक इतिहास म्हणून संकलित केल्यास या विषयाची आजवर कागदावर न आलेली बाजू उजेडात येईल. ती माणसे हयात आहेत तोवरच हे काम होणे शक्य आहे.